वाचकांचे प्रश्न : कान, नाक, घसा आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले आहे, ते करावे का आणि कोणाकडून करावे? नाशिकमध्ये आता कान-नाक-घसा तज्ज्ञांची वानवा नाही. गंगापूर रोडवरून कॉलेज रोडपर्यंत चालत गेले तरी वाटेत कितीतरी पाट्या दिसतात, आणि दोन पाट्यांखाली दोन वेगळे सल्ले मिळाले की रुग्णाचे नातेवाईक आमच्याकडे पत्र लिहितात. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्या आजारात उशीर महागात पडतो.

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ३८ आहे. आमची द्राक्षबाग आहे. लहानपणापासून त्यांचा उजवा कान वाहतो. पू थोडाच येतो, पण त्याला फार घाण वास असतो, आणि अलीकडे त्या कानाने कमी ऐकू येते. नाशिकच्या एका डॉक्टरांनी कानामागचे हाड उघडून ऑपरेशन करावे लागेल असे सांगितले; दुसऱ्यांनी ड्रॉप्स लिहून दिले आणि कान कोरडा ठेवायला सांगितला. आमचे चुलत सासरे म्हणतात की, कानाचे ऑपरेशन केले की तोंड वाकडे होते. हातगुण असलेला सर्जन ओळखायचा तरी कसा? — एक भगिनी, निफाड तालुका

उत्तर : ताई, आपण पुवाविषयी जे दोन शब्द लिहिले आहेत, ‘थोडाच’ आणि ‘घाण वास’, तेच माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे शब्द आहेत. कानाचे वाहणे ढोबळमानाने दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात पडद्याच्या मधल्या भागाला छिद्र असते. सर्दी झाली किंवा अंघोळीचे पाणी आत गेले की कान भरपूर वाहतो, स्राव शेंबडासारखा चिकट आणि बहुधा बिनवासाचा असतो, आणि औषधाने कान पुन्हा कोरडा होतो. दुसऱ्या प्रकारात पडद्याचा वरचा किंवा मागचा भाग आत ओढला जाऊन त्याची एक पिशवी तयार होते, त्या पिशवीत कातडीचा कोंडा साचत राहतो आणि तिच्या भोवतीचे हाड हळूहळू झिजून विरघळू लागते. याला कोलेस्टिएटोमा म्हणतात. नावावरून ही गाठ असावी किंवा तिचा कोलेस्टेरॉलशी काही संबंध असावा असे वाटते; प्रत्यक्षात ती केवळ नको त्या जागी वाढलेली कातडी असते. पण ती जागाच अशी आहे की तेथे कातडीलाही राहू देता येत नाही.

पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे आहेत. त्यांतील ऐरणीचे लांब टोक बहुधा आधी झिजते आणि ऐकू येणे कमी होते. आणखी आत तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. तेथपर्यंत आजार पोहोचला की चक्कर येऊ लागते. शेजारून चेहऱ्याची नस जाते. आणि वरचे छत म्हणजे हाडाचा एक पातळ पापुद्रा असून त्याच्या पलीकडे मेंदू आहे. मेंदूज्वर किंवा मेंदूत पू होणे हे या दुर्लक्षित कानाचे शेवटचे टोक, आणि ते आजही पाहावे लागते. पहिल्या प्रकारचा कान बरीच वर्षे ड्रॉप्सवर ठेवता येतो, दुसऱ्या प्रकारचा ठेवता येत नाही, कारण ड्रॉप्सने पू सुकतो पण पिशवी तेथेच राहते.

तेव्हा दोन डॉक्टरांपैकी कोण खरे हे मी पत्रावरून सांगू शकत नाही, परंतु आपण दोघांनाही एक प्रश्न जरूर विचारावा : कान साफ करून सूक्ष्मदर्शकाखाली किंवा दुर्बिणीने पडद्याचा वरचा कोपरा पाहिला का? कान पुवाने आणि खपलीने भरलेला असताना साध्या बॅटरीच्या उजेडात तो कोपरा दिसतच नाही, आणि जे दिसले नाही त्यावर औषध लिहिले जाते. एखादी वर्षानुवर्षे न हललेली तपकिरी खपली मोठ्या निगुतीने काढावी आणि तिच्याखाली सगळा आजार सापडावा, हा आमच्या व्यवसायातील नेहमीचा अनुभव आहे. त्यानंतर ऑडिओग्राम, म्हणजे श्रवण तपासणी, आणि आवश्यकतेनुसार कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन करून मगच शस्त्रक्रियेचे स्वरूप ठरते.

आता तोंड वाकडे होण्याविषयी. आपल्या चुलत सासऱ्यांची भीती निराधार नाही, फक्त जुनी आहे. एके काळी कानामागचे मॅस्टॉइड हाड हातोडी-छिन्नीने आणि उघड्या डोळ्यांनी फोडले जात असे. स्वीडनमधील कार्ल ओलोफ न्यूलेन यांनी १९२१ मध्ये कानाच्या शस्त्रक्रियेसाठी प्रथम सूक्ष्मदर्शक वापरला आणि १९५० च्या दशकात जर्मनीतील वुलश्टाइन व त्सोलनर यांनी पडदा व ऐकण्याची साखळी पुन्हा उभारण्याच्या शस्त्रक्रियेला शास्त्रशुद्ध रूप दिले. आज हे काम सूक्ष्मदर्शकाखाली, फिरत्या ड्रिलने, हाड पाण्याने थंड ठेवत केले जाते. चेहऱ्याची नस कानातून ज्या हाडी नळीतून जाते ती जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद असते आणि काही माणसांत ती जन्मतःच एखाद्या ठिकाणी उघडी असते. नवशिका सर्जन या नसेपासून दूर राहण्याचा प्रयत्न करतो. अनुभवी सर्जन मात्र आधी ती शोधून काढतो, डोळ्यांसमोर ठेवतो आणि मग तिच्या कडेकडेने काम करतो. ती नस कोठे आहे हे माहीत नसणे हाच खरा धोका. त्यासाठी आमच्या शिक्षणात दान केलेल्या देहांच्या कानाची हाडे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा कोरावी लागतात, आणि ज्याने तो कंटाळवाणा अभ्यास मनापासून केला आहे त्याचा हात रुग्णाच्या कानात वेगळा चालतो. आपण ज्याला हातगुण म्हणता त्यातला बराचसा भाग असा कोणालाही न दिसणाऱ्या टेबलावर घडलेला असतो. आणि हेही ध्यानात असू द्यावे की शस्त्रक्रिया न केल्यास हाच आजार ती नस कुरतडून तोंड वाकडे करू शकतो.

या शस्त्रक्रियेत पहिला हेतू कान सुरक्षित करणे, दुसरा तो कोरडा करणे आणि तिसरा ऐकू येणे सुधारणे असा असतो. क्रम उलटा सांगणाऱ्यापासून जपावे. ‘एकदा केले की कायमचे संपले’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यापासूनही. कोलेस्टिएटोमा मागे राहू शकतो किंवा पुन्हा होऊ शकतो, म्हणून काही रुग्णांत वर्षभराच्या सुमारास दुसऱ्यांदा आत पाहावे लागते किंवा एमआरआय करावा लागतो, आणि ज्यांच्या कानाची मागची भिंत काढून मोठी पोकळी करावी लागते त्यांना ती पोकळी ठरावीक काळाने साफ करून घ्यावी लागते. आपण निवडलेल्या सर्जनला निःसंकोच विचारा की, मॅस्टॉइडच्या शस्त्रक्रिया आपण नियमित करता का, स्वतः करता का, आणि पुढची काही वर्षे तपासणीला आम्ही आपल्याकडेच यायचे का. जाणकार सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. पदवीच्या जागी एमएस किंवा डीएनबी असे लिहिलेले असते. डीएलओ ही त्याच विषयातील पदविका. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायलाच हवा. मात्र पदवी हा उंबरठा झाला. नाकाचे उत्तम काम करणारा सर्जन कानाचे मोठे काम स्वतः न करता सहकाऱ्याकडे पाठवत असेल, तर मी त्याला कमी न लेखता अधिक विश्वासू मानतो.

तोवर यजमानांनी कानात तेल, लसणाचा रस वगैरे काही घालू नये, अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवावा आणि विहिरीत किंवा रामकुंडात बुडी मारू नये. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस उरकू द्या आणि मग बघू, असे मात्र करू नका. चक्कर, तीव्र डोकेदुखी, ताप किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणे यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. नाकातील मास वाढल्यामुळे माझे दोनदा दुर्बिणीने ऑपरेशन झाले, दोन्ही वेळा ते परत वाढले. आता तिसऱ्यांदा सांगितले आहे. आधीच्या दोघांचे काही चुकले का? — एक कामगार, सिडको

उत्तर : चुकले असेलच असे नाही. तुम्ही ज्याला मास म्हणता ते पॉलिप म्हणजे नाकाच्या अस्तराला आलेली सूज असते, आणि ज्या कारणाने सूज आली ते कारण चाकूने जात नाही. सायनसचे मार्ग मोकळे केल्याने श्वास सुधारतो आणि स्टिरॉइडचा फवारा व मिठाच्या पाण्याने नाक धुणे हे उपचार आतपर्यंत पोहोचू लागतात. शस्त्रक्रियेचा खरा उपयोग तो. शस्त्रक्रियेनंतर तीन-चार महिन्यांत नाक मोकळे झाले म्हणून फवारा बंद केलेला असेल, तर मास परत येण्यात आश्चर्य नाही. अशा फवाऱ्याचे औषध रक्तात फार थोडे उतरते, त्यामुळे ‘स्टिरॉइड’ हा शब्द वाचून घाबरू नये.

दुर्बिणीच्या या शस्त्रक्रियेचा पाया ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मेसरक्लिंगर यांनी घातला. सायनसमधला स्राव अस्तरावरच्या सूक्ष्म केसांनी ठरावीक वाटेनेच बाहेर आणला जातो हे त्यांनी दाखवले, आणि त्या अरुंद वाटा मोकळ्या केल्या तर सगळे अस्तर खरवडून काढण्याची गरज उरत नाही, ही कल्पना १९८० च्या दशकात स्टामबर्गर आणि अमेरिकेतील केनेडी यांच्यामुळे जगभर पोहोचली. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु सायनस आणि डोळा यांच्यामधल्या हाडाला वैद्यकशास्त्रात जे लॅटिन नाव आहे त्याचा अर्थच ‘कागदी पापुद्रा’ असा आहे, आणि वर मेंदूचा तळ आहे. पहिल्या शस्त्रक्रियेत सर्जनला ओळखीच्या खुणा सापडत जातात. तिसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खुणा कापल्या गेलेल्या किंवा वणाने झाकलेल्या असतात. म्हणून तिसरी शस्त्रक्रिया अशा सर्जनकडे करावी जो दुसऱ्यांनी केलेल्या नाकांवर फेरशस्त्रक्रिया नियमित करतो, आणि जो ताजा सीटी स्कॅन तुमच्यासमोर धरून कोठले हाड शाबूत आहे व कोठले नाही हे दाखवू शकतो. आधीच्या दोन्ही शस्त्रक्रियांची कागदपत्रे आणि पॅथॉलॉजीचे अहवाल सोबत न्यावेत.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती विचारतो. तुम्हाला दमा आहे का, आणि ॲस्पिरिन किंवा अंगदुखीची गोळी घेतल्यावर धाप लागते का? दमा, पॉलिप आणि ॲस्पिरिनचे वावडे हे त्रिकूट एकत्र आढळते, त्यात मास पुन्हा पुन्हा वाढते, आणि ही माहिती सर्जनइतकीच भूलतज्ज्ञालाही हवी असते. मास एकाच नाकपुडीत असेल किंवा रक्त येत असेल तर ती वेगळी बाब समजून तुकडा तपासणीला पाठवणे आवश्यक ठरते. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात असावी. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, रुग्णांची नाके आणि जबडे साफ करताना राज्यातील कान-नाक-घसा सर्जनांनी जे पाहिले, त्यानंतर साखरेविषयी आम्ही फारच काटेकोर झालो आहोत.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीचे टॉन्सिल मोठे आहेत. ते काढावेत असे डॉक्टर म्हणतात. सासूबाई म्हणतात, प्रतिकारशक्ती जाईल. — एक शिक्षिका, सिन्नर

उत्तर : नुसते मोठे आहेत म्हणून टॉन्सिल काढत नाहीत, या वयात ते मोठेच असतात. वारंवार घसा येत असेल तर मोजदाद करावी लागते. गेल्या एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा ताप आणि गिळताना वेदना यांसह टॉन्सिलचा खराखुरा आजार झाला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार योग्य ठरतो, आणि तोही प्रत्येक वेळी डॉक्टरांनी घसा पाहून नोंद केलेली असल्यास. कॅलेंडरवर तारखा लिहून ठेवा. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हे कारण याहून स्वतंत्र आहे. मुलगी तोंड उघडे ठेवून झोपत असेल, मध्येच श्वास थांबून दचकून उठत असेल, तर नाकामागच्या ॲडेनॉइडसह टॉन्सिल काढल्याने मोठा फरक पडतो आणि तेथे संख्या मोजत बसायचे नसते. प्रतिकारशक्तीचे म्हणाल तर शरीरात तशी इतर पुष्कळ ठाणी आहेत. सासूबाईंना हे जरूर सांगा, पण संख्या भरत नसेल तर त्यांचाच सल्ला ऐका.

शस्त्रक्रिया झालीच तर घशात दिसणारा पांढरा थर म्हणजे पू नव्हे, ती जखमेची नैसर्गिक खपली आहे. ती सुटते तेव्हा, म्हणजे साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी, रक्तस्राव होण्याची शक्यता असते. म्हणून दोन आठवडे रात्री-अपरात्री रुग्णालयात पोहोचता येईल अशाच ठिकाणी राहावे. सुट्टी आहे म्हणून लेकराला लांबच्या गावी नेऊ नये.

प्रश्न : वय ३४. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही कानांनी कमी ऐकू येऊ लागले. पडदे चांगले आहेत. एका डॉक्टरांनी श्रवणयंत्र सांगितले, दुसऱ्यांनी ‘हाडी बदलण्याचे’ ऑपरेशन. — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आपल्याला बहुधा ओटोस्क्लेरोसिस आहे, म्हणजे रिकीब हे हाड आतल्या कानाच्या खिडकीसारख्या छिद्रात जखडले आहे. अनेक स्त्रियांच्या हे बाळंतपणानंतर लक्षात येते. ट्यूनिंग फोर्क आणि ऑडिओग्राम यांवरून निदानाला दुजोरा मिळतो. रिकीब शरीरातले सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटर उंचीचे. १९५६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिसच्या जॉन शी यांनी ते काढून त्याजागी टेफ्लॉनचा इवलासा दांडा बसवला आणि रुग्णाला ऐकू येऊ लागले. आजची शस्त्रक्रिया त्याचेच सुधारलेले रूप आहे. आता संपूर्ण हाड काढण्याऐवजी त्याच्या तळव्याला बारीक छिद्र पाडून दांडा बसवण्याकडे कल आहे.

दोन्ही सल्ले बरोबर आहेत, आणि निवड आपली आहे. यंत्राने कानाला धोका नाही. शस्त्रक्रियेत बहुसंख्य रुग्णांचे ऐकणे चांगले सुधारते, परंतु शंभरात एखाद्याचा तो कान पूर्णपणे जाण्याचा धोका असतो असे समजून चालावे, आणि ही गोष्ट जो सर्जन आधी सांगत नाही त्याच्याकडे मी स्वतःचा कान दिला नसता. म्हणूनच आधी जास्त बिघडलेल्या कानाचीच शस्त्रक्रिया करतात, दोन्ही एकदम करत नाहीत, आणि एकाच कानावर ज्याचे जग चालले आहे अशा माणसाला शहाणा सर्जन शस्त्रक्रियेला नकार देऊन यंत्र देतो. आमच्या क्षेत्रात हे काम सर्वांत नाजूक मानले जाते. तळवा हलला, छिद्र तिरके गेले, दांडा किंचित लांब पडला, एवढ्याने निकाल बदलतो. वर्षातून एखाद-दुसरी अशी शस्त्रक्रिया करणाऱ्या हाताला हे अंदाज बसत नाहीत. त्यामुळे येथे संख्या विचारावीच, आणि जवळ असा सर्जन नसेल तर यंत्र घेऊन निवांत राहावे. हाड कोठे पळून जात नाही.

प्रश्न : माझा नातू दोन वर्षांचा होत आला. हाक मारली तर वळत नाही, बोलत नाही. त्याचे वडीलही उशिरा बोलले म्हणून घरचे थांबा म्हणतात. कॉक्लियर इम्प्लांटचे ऑपरेशन खर्चिक असते असे ऐकतो. — एक आजोबा, पेठ तालुका

उत्तर : आजोबा, थांबू नका. ताटली वाजवून किंवा टाळ्या वाजवून घेतलेली परीक्षा फसवी असते, कारण मूल सावली आणि हालचाल पाहूनही वळते. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात बाळाला दाखवा आणि ओएई व बेरा या बाळाच्या श्रवणाच्या यंत्राने केल्या जाणाऱ्या तपासण्यांविषयी विचारा. बेरा झोपलेल्या बाळावर करतात आणि ती दुखत नाही. खरे तर जन्मानंतर एका महिन्यात श्रवणाची प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार असे वेळापत्रक असायला हवे. दोन वर्षे गेली, ती गेली.

बहिरेपण तीव्र आहे आणि श्रवणयंत्राने पुरेसा फायदा होत नाही असे ठरले, तर कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राचा, विचार होतो. खर्चाची चिंता आहेच, पण दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून पाच वर्षांपर्यंतच्या पात्र बालकांना साहाय्य मिळते, त्याची सूत्रे मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहेत, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे अंगणवाडीत येणारे पथकही आपल्याला पुढचा रस्ता दाखवते. जाताना आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि केलेल्या तपासण्यांचे कागद सोबत असू द्यावेत.

सर्जनविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो. या शस्त्रक्रियेत सर्जनचा वाटा दोन-तीन तासांचा असतो. इम्प्लांट बसवल्यावर काही आठवड्यांनी यंत्र चालू करतात, आणि त्या दिवशी बाळ दचकते, कधी रडते, पण एकही शब्द समजत नाही. पुढे महिनोन्‌महिने वाचा-श्रवण तज्ज्ञाकडे जावे लागते आणि घरी कोणीतरी दिवसभर त्याच्याशी बोलत राहावे लागते. पेठहून नाशिकला आठवड्यातून एक-दोनदा बाळाला घेऊन कोण येणार, हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी घरात बसून ठरवा, आणि शेतीच्या कामामुळे आई-वडिलांना ते जमणार नसेल तर त्या फेऱ्यांसाठी आपलेच नाव लिहून घ्या.